प्रतिकृतीचा स्फोट आणि काळाचे गणित : मूकपटांच्या मूल्यमापनाचा एक प्रश्न

प्रास्ताविक

बीड जिल्ह्यातील कपिलधार हे संत मन्मथस्वामींच्या समाधीमुळे वीरशैव परंपरेत पूज्य मानले गेलेले क्षेत्र होय. पावसाळ्यात तेथील धबधब्यापुढे उभे राहणाऱ्यास त्याच्या उंचीचा अंदाज सहज येतो. कारण पाणी खाली पोहोचण्यास जो वेळ घेते, त्यावरूनही मन उंची ताडत असते. अल्प खर्चाच्या चित्रपटांत प्रतिकृतीचा स्फोट चित्रित करण्याचे तंत्र याच साध्या निरीक्षणावर उभे आहे. या तंत्राच्या आधारे महाराष्ट्रातील मूकपटांकडे पाहण्याच्या आपल्या दृष्टीची तपासणी करणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

तंत्राचे स्वरूप

२० मीटर उंचीवरून सुटलेला दगड सुमारे २ सेकंदांत जमिनीवर येतो. त्याच्या १/१६, म्हणजे १.२५ मीटर उंचीवरून तो अर्ध्या सेकंदातच येतो. त्यामुळे किल्ल्याची १/१६ प्रमाणातील प्रतिकृती दारूने उडविली, तर तिचे तुकडे घाईने कोसळतात आणि खेळणे फुटल्याचा भास होतो. यावर उपाय म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी ९६ चौकटी टिपून त्या नेहमीच्या वेगाने दाखविणे. वेगाची ही वाढ प्रमाणाच्या वर्गमुळाइतकी असते. ज्वाला आणि धूर मात्र या नियमाला पूर्णपणे वश होत नाहीत. म्हणूनच प्रतिकृती शक्य तितकी मोठी ठेवावी लागते. ३५ मिलिमीटर फितीच्या एका फुटात १६ चौकटी मावतात. म्हणजे मिनिटाला ९० फुटांऐवजी ३६० फूट फीत खर्ची पडते. प्रतिकृतीमुळे वाचलेल्या पैशाचा काही भाग असा फितीत जातो; शिवाय एकदा उडालेली प्रतिकृती पुन्हा उडविता येत नाही.

फाळके आणि काळ

कॅमेऱ्याने काळ आखडता किंवा ताणता येतो, याची जाण दादासाहेब फाळके यांना आरंभापासून होती. १९१२ मध्ये त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ अंतराअंतराने चौकटी टिपून क्षणांत दाखविली. ही स्फोटाच्या तंत्राचीच उलट बाजू होय. पुढे १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये त्यांनी जळणारी नगरी पडद्यावर आणली. त्या चित्रपटाचा आज काही अंशच उपलब्ध आहे.

त्या काळी कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवीत, आणि वेग साधारणपणे सेकंदाला १६ चौकटींच्या आसपास असे. १९३१ मध्ये 'आलम आरा'ने भारतात बोलपटाचे युग सुरू केले. बोलपटाबरोबर २४ चौकटींचा वेग रूढ झाला. १६ च्या वेगाने टिपलेले दृश्य २४ च्या वेगाने दाखविले, तर ३ सेकंदांचे कोसळणे २ सेकंदांत संपते आणि भासणारी उंची मूळच्या ४/९, म्हणजे निम्म्याहूनही कमी होते. भव्य दृश्य खेळण्यासारखे दिसते आणि दोष मात्र निर्मात्याच्या भाबडेपणाला दिला जातो.

निष्कर्ष

मूकपटांतील चमत्कृतिदृश्ये बालिश होती, हा शेरा मारण्यापूर्वी ती कोणत्या वेगाने पाहिली, हे सांगणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे. हस्तलिखिताच्या अभ्यासात पाठभेदाला जे महत्त्व आहे, तेच येथे वेगाला आहे. वर्गात असे अंश दाखविताना वेगाची नोंद आवर्जून केली जावी. अन्यथा फाळक्यांची लंका आपण आपल्याच हातांनी लहान करू आणि त्या लहानपणाला इतिहास म्हणू.