शेतात गुप्तधन सापडलं तर ते कुणाचं? मेटल डिटेक्टरवाल्यांच्या हक्काची गोष्ट

कुणीतरी गोरा माणूस शेतात मेटल डिटेक्टर फिरवतोय, यंत्र वाजतं आणि मातीतून रोमन नाणं निघतं. असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. मग मनात येतं, आपल्या गावच्या पांढरीत तर याहून जास्त दडलं असेल!

जालना जिल्ह्यात ही शंका अगदीच हवेतली नाही. केळणा नदीकाठचं भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या शिलालेखांत या गावच्या दानशूरांचे उल्लेख आहेत. 1973 मध्ये मराठवाडा आणि नागपूर विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तशाच घडणीची मूर्ती 1938 मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत सापडली होती.

मग यंत्र घेऊन खणायला जायचं का?

नाही. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहे. दुसऱ्याच्या रानात त्याला न विचारता शिरता येत नाही. गुप्तधनासाठी नरबळी किंवा अघोरी प्रकार केले, तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो.

आणि नांगरताना हंडा लागला तर?

इथे 1878 चा ‘इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट’ लागू होतो. जमिनीत दडलेली, 10 रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. काय सापडलं, किती, कुठे आणि कधी, हे सगळं त्यात हवं. माल सरकारी कोषागारात जमा करायचा किंवा तारण द्यायचं. मग हक्क सांगणाऱ्यांसाठी जाहीर नोटीस निघते.

मालक कुणीच ठरला नाही आणि आधी वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाला मिळतो. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. पण लपवलं तर वाटाही जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

म्हणजे आपला कायदा सापडलेल्या वस्तूचा विचार करतो. छंद म्हणून शोधायला निघालेल्या माणसाची वेगळी सोय त्यात नाही.

ब्रिटनमध्ये काय झालं?

तिथे 1980 मध्ये पुरातत्त्ववाल्यांनी डिटेक्टरवाल्यांविरुद्ध ‘स्टॉप’ नावाची मोहीम काढली. सगळेच चोर ठरवले जाताहेत म्हटल्यावर हौशी मंडळी एकत्र आली आणि 1981 मध्ये ‘नॅशनल काउन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंग’ उभी राहिली. छंदावर बंदी नको, ही त्यांची मागणी. त्यासोबत सदस्यांसाठी नियमही आले: शेतमालकाची परवानगी घ्या, सापडलेलं कळवा.

1992 मध्ये हॉक्सन गावात एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. तो शोधायला एरिक लॉज हा निवृत्त माळी डिटेक्टर घेऊन गेला आणि त्याला रोमन खजिना लागला. त्याने पुढचं खणणं थांबवून कळवलं. तज्ज्ञांनी येऊन 15,000 हून जास्त नाणी होती त्याच मांडणीत नोंदवून काढली. लॉजला 17.5 लाख पौंड मिळाले, त्यातला वाटा त्याने शेतकऱ्यालाही दिला. हातोडाही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे!

पुढे 1996 चा ट्रेझर ॲक्ट आला. 1997 पासून हौशी लोकांना आपल्या वस्तू नोंदवता येतील अशी सरकारी योजनाही सुरू झाली.

‘कुठे सापडलं’ याला एवढं महत्त्व का?

दायमाबादचं उदाहरण घ्या. 1974 मध्ये झाडाचं मूळ खणताना तिथे चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या. त्यांचं वजन 60 किलोहून जास्त. पण त्या कोणत्या थरात होत्या, याची नोंद झाली नाही. म्हणून त्या नेमक्या कोणत्या काळातल्या, यावर अभ्यासकांत वाद झाला. वस्तू वाचली, तिची गोष्ट मात्र अर्धी हरवली.

आपल्याकडच्या हौशी शोधकांनाही उद्या हक्क मागायचे असतील, तर ब्रिटनचा धडा सोपा आहे: आधी नोंद, मग वाटा. तोवर शेतात काही लागलंच, तर कुदळ थांबवा, जागेवरच फोटो काढा आणि तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालय गाठा. रील नंतरही करता येईल.