कुठे उतरायचं? बडोद्याच्या अकरा दिवसांचा प्रश्न

मोठ्या शहरात कुठल्या भागात उतरावं, याचे सल्ले हल्ली फुकट मिळतात. स्टेशन किती लांब, भाडं किती, जेवणाची सोय काय. आडनाव सांगितल्यावर खोली मिळेल का, हा प्रश्न मात्र त्या सल्ल्यांत नसतो. ज्यांना तो कधी पडलाच नाही, तेच सल्ले लिहितात.

बाबासाहेबांना तो पडला होता. १९१३ साली ते न्यूयॉर्कला गेले, कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात राहिले. तिथे नवल भथेना हे पारशी गृहस्थ त्यांच्यासोबत राहत. ही मैत्री पुढे आयुष्यभर टिकली. हा तपशील लक्षात ठेवा.

१९१७ साली शिष्यवृत्तीच्या करारानुसार नोकरी करायला ते बडोद्याला आले. स्टेशनवर उतरताच पहिला प्रश्न, जायचं कुठे? हिंदू खानावळी घेणार नाहीत हे ठाऊक होतं. अमेरिकेत शिकून आलेले मित्र शहरात होते, पण ते घरात घेतील याची खात्री नव्हती. पारशी धर्म अस्पृश्यता मानत नाही, या भरवशावर त्यांनी सामान गाडीत टाकलं आणि कॅम्पातली पारशी धर्मशाळा गाठली. तिथे फक्त पारशी राहू शकत. शेवटी रोज दीड रुपया आणि वहीत पारशी नाव, यावर तडजोड झाली. परदेशातून पदवी घेऊन आलेला माणूस खोट्या नावाने, अडगळ भरलेल्या दालनाशेजारी, कंदिलाच्या उजेडात दिवस काढत होता.

अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात आले. संध्याकाळपर्यंत जागा सोड, नाहीतर परिणाम भोग. मग एका हिंदू मित्राला विचारलं, तर तो म्हणाला की तुम्ही आलात तर माझे नोकर जातील. ख्रिस्ती मित्राने बायकोवर ढकललं. रात्री नऊच्या मुंबई गाडीपर्यंतचे पाच तास बाबासाहेबांनी कमाठी बागेत काढले. आज तिथे आपण संकल्पभूमी म्हणून जातो.

आता भथेना आठवा. समाज तोच, मग न्यूयॉर्कमध्ये मित्र आणि बडोद्यात काठ्या का? 'पारशी वाईट' असं म्हणणं सोपं आहे, पण चूक आहे. भथेनांच्या मागे न्यूयॉर्कमध्ये मोहल्ला नव्हता. बडोद्यात होता, आणि तो मोहल्ला हिंदू समाजाच्या शेजारात, त्याच्याच नियमांनी जगत होता. हिंदूंसाठी जो अस्पृश्य, तो पारशांसाठीही अस्पृश्य, हे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. जात धर्मग्रंथात नसली तरी शेजारातून शिकता येते.

'शहरात जात विरघळते' म्हणणाऱ्यांनी इथे थांबावं. रस्त्यावर, लोकलमध्ये ती थोडी सैल होते, नाही असं नाही. उंबरठ्यावर होत नाही. म्हणून तर गावाकडून मुंबईला आलेला आपला माणूस पत्ता न शोधता नायगाव, वरळीच्या बीडीडी चाळीत नातलगाकडे जाई. एका खोलीत दहा माणसं झोपत. आपली धर्मशाळा तीच होती.

कायदा बदलला, पण किती? संविधानाच्या कलम १५(२) मध्ये हॉटेलांचा स्पष्ट उल्लेख आहे. १९५५ च्या कायद्यात, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात, धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना सगळं आलं. अस्पृश्यतेच्या कारणावरून धर्मशाळेत जागा नाकारणं आज गुन्हा आहे. पण गृहनिर्माण सोसायटीचं काय? २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्याच एका पारशी सोसायटीचा, सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा नियम वैध ठरवला. राज्यसंस्थेवर जी बंधनं आहेत, ती खाजगी सोसायटीवर नाहीत, असा त्याचा अर्थ.

पुण्यात परीक्षेसाठी येणारी पोरं मला विचारतात, "दादा, कुठल्या भागात खोली बघू?" मी भाग सांगतो, ओळखीच्या दोन घरांचे पत्तेही देतो. आणि एक सांगतो. मालक जात विचारणार नाही. तो "पूर्ण नाव काय?" विचारेल, मग "व्हेज आहात ना?", मग "खोली कालच गेली." हे बोलणं शक्यतो मेसेजवर करा, तारखेसकट जपून ठेवा, आणि दुसऱ्या आडनावाच्या मित्राला त्याच खोलीसाठी त्याच दिवशी विचारायला लावा.