कपाळाची कातडी, नाकाची अब्रू

अब्रू गेली म्हणजे ‘नाक कापले गेले’ असे आपण म्हणतो. ज्याचे नाक खरोखरच कापले गेले, अशा एका मनुष्याची हकीगत आज सांगावयाची आहे.

त्याचे नाव कावसजी. हा शेतकरी जातीचा मराठा १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकीत असे. तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. पुढे सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या एका वीटकाम करणाऱ्या जातीतील माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीगत छापली. तीत रुग्णाचे नाव आहे, कारागिराचे नाही.

त्याची रीत पाहा. आधी त्याने मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक घडविले, ते कपाळावर सपाट पसरले आणि त्याभोवती रेघ ओढली. तेवढीच कातडी सोडविली. पण दोन डोळ्यांमधील चिंचोळा पट्टा कापला नाही. कातडी खाली वळवून नाकाच्या जागी जोडली आणि सुमारे पंचवीस दिवसांनी तो पट्टा तोडला. तोवर त्याच पट्ट्यातून रक्त येत होते. तो आधीच तोडला असता तर नवे नाक मरून गेले असते.

इटलीतील ताल्याकोत्सीने १५९७ च्या आपल्या ग्रंथात दंडाच्या कातडीने नाक करण्याची रीत दिली होती. तीत रुग्णाचा हात कित्येक दिवस डोक्याशी बांधून ठेवावा लागे. कपाळ जवळचे, रंगाने जुळणारे. व्रण मात्र तेथे राहतो. लंडनच्या कार्प्यूने १८१४ मध्ये हीच भारतीय रीत अवलंबिली.

आज मुखाच्या कर्करोगात जबडा वा जीभ काढावी लागते, तेव्हा सर्जनपुढे तेच प्रश्न उभे राहतात. गेले किती, आणि कशाचे? जिभेला पातळ, लवचिक ऊतक हवे. त्यासाठी मनगटाजवळची कातडी उपयोगी पडते. मात्र तेथील रक्तवाहिनी काढल्यावर उरलेली दुसरी पंजाला पुरेल की नाही, हे आधी तपासतात. जबड्याला हाड हवे. पोटरीतील बारीक हाड घेऊन १९८९ पासून तो घडविला जातो. रुग्ण अशक्त असेल, सूक्ष्मदर्शकाखालील दीर्घ शस्त्रक्रिया त्याला झेपणार नसेल, तर छातीचा स्नायू मुळाशी जोडलेलाच ठेवून वर वळवितात. ही रीत १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली.

सर्वांत उत्तम ऊतक असे कोणतेही नाही. गमावलेले भरून निघावे, रक्त तुटू नये आणि देणारी जागा पंगू होऊ नये, या तिन्हींचा मेळ ज्या रुग्णात जसा बसेल तशी निवड करावयाची. म्हणून सर्जनने शस्त्र उचलण्यापूर्वी मोजमाप करावे. त्या अनाम कारागिराच्या हाती प्रथम मेण होते. शस्त्र नंतर आले.