नकलेतली अक्षरे, नकलेतले पोलाद

चीनमधल्या लहान कारखान्यांत दोन महायुद्धांच्या दरम्यान हातांनी घडवलेली काही पिस्तुले संग्राहकांकडे आढळतात. ती १८९६ च्या जर्मन माउझरसारखी दिसतात, पण त्यांवर कोरलेला मजकूर वाचू गेल्यास अर्थ लागत नाही. रोमन लिपी न जाणणाऱ्या कारागिराने अक्षरे चित्रासारखी उतरवली आहेत. काही उलटी, काही नुसता भास. संस्कृत न येणाऱ्या लेखनिकाने नकललेली पोथी ज्यांनी हाताळली आहे, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल.

या पिस्तुलांना मागणी होती, यालाही कारण आहे. १९१९ ते १९२९ या काळात परकीय सत्तांनी चीनला शस्त्रविक्री बंद केली होती. माउझरचे लाकडी म्यान मागे जोडले की पिस्तूल छोट्या रायफलीसारखे खांद्याला लावता येई, त्यामुळे रायफलींच्या टंचाईत सरदारांच्या फौजांना ते सोयीचे वाटले. चिनी बोलीत त्याला ‘पेटी-तोफ’ म्हणत.

शान्सी प्रांताचा सत्ताधीश येन शी-शान याच्या तायुआन येथील शस्त्रागाराने मात्र निव्वळ नक्कल केली नाही. तिथे अमेरिकी थॉम्पसन सबमशीनगनची नक्कल होत असे, आणि तिचे काडतूस ०.४५ इंचाचे. दोन्ही शस्त्रांना एकच काडतूस चालावे म्हणून तिथे माउझरच मोठे केले गेले. त्यावर चिनी लिपीत ‘सतरा नमुना’ आणि ‘प्रजासत्ताक वर्ष अठरा’, म्हणजे १९२९, असे कोरले आहे. मला ही नक्कल वाटतच नाही; याला रूपांतर म्हणावे.

पुढे १९८० च्या दशकात चिनी कारखान्यांनी अमेरिकी एम-१४ रायफलीच्या नकला अमेरिकेत पाठवल्या. या वेळी आकार बिनचूक होता. मुख्य सांगाडा घडीव, मूळ लष्करी रायफलीसारखाच. अमेरिकेच्या खासगी बाजारातले बरेच सांगाडे तेव्हा ओतीव असत. खोट निघाली ती बोल्टमध्ये. पोलादाला पाणी नीट दिलेले नसल्याने कित्येक बोल्ट मऊ राहिले. गोळीबाराच्या हादऱ्यांनी त्यांचे कान दबत आणि बोल्ट व काडतूस यांच्यातली जागा वाढत जाई, जे नेमबाजाच्या जिवावर बेतू शकते. जाणकार बंदूक-कारागीर तो बोल्ट काढून अमेरिकी बोल्ट बसवत, आणि मग तीच रायफल विश्वासाची ठरे. ‘चिनी माल’ हा सरसकट शेरा इथे कसा लागू करणार? आकार मोजपट्टीने उतरवता येतो. भट्टीतले तापमान आणि वेळ वस्तू समोर ठेवून कळत नाहीत.

त्याच कारखान्यांचे कोल्ट १९११ पिस्तूल तर कठीण पोलादाबद्दल वाखाणले गेले. त्यात फेरफार करताना कानशी बोथट होतात, अशी कारागिरांची तक्रार असे.

१९९४ मध्ये अमेरिकेने बहुतेक चिनी बंदुकांची आयात बंद केली. त्याआधी शान्सीची ०.४५ इंची पिस्तुलेही तिथे पोहोचली होती. त्यांतली काही नंतर नव्याने बनवलेली आहेत, असा अनेक संग्राहकांना संशय आहे. सगळ्यांवर वर्ष मात्र प्रजासत्ताकाचे अठरावेच.