कावळा डोक्यात टोच का मारतो? आणि हा त्रास किती दिवस चालतो?

मे महिना आला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मेसेज ठरलेला: "गेटजवळच्या झाडाखालून जाऊ नका, कावळा डोक्यात मारतोय." काहींना यात विनोद दिसतो, काहींना अपशकुन. महाराष्ट्राच्या काही भागांत तर कावळा डोक्यावर बसला की संकट टळावं म्हणून नातेवाइकांना मृत्यूची खोटी खबर पाठवायची पद्धत होती. खबर ऐकून ज्यांच्या पोटात गोळा आला असेल, त्यांचा विचार बहुधा कुणी केला नसावा.

खरं कारण झाडावर असतं. किंवा झाडाखाली.

गावकावळा आपल्याकडे साधारण एप्रिल ते जुलैदरम्यान, म्हणजे पावसाच्या तोंडावर घरटं करतो. 16-17 दिवसांत अंडी फुटतात आणि त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी पिल्लं घरट्याबाहेर पडतात. सगळ्यात जास्त हल्ले होतात ते पिल्लं घरट्यात असताना आणि ती बाहेर पडल्यावरचे काही दिवस. धड उडता न येणारं पिल्लू कुंपणावर, गाडीखाली किंवा फुटपाथच्या कडेला बसून राहतं. चालणाऱ्याला ते दिसतही नाही. झाडावरच्या आईबापांना मात्र एक माणूस थेट पिल्लाकडे निघालेला दिसतो. त्यामुळे कावळा अचानक अंगावर आला तर आधी पायाजवळ बघा आणि पिल्लापासून लांब व्हा. (कधी कधी हे पिल्लू चक्क कोकिळेचं असतं, पण कावळ्याला त्याचा पत्ता नसतो.)

मग जायचं कसं? शक्य असेल तर काही दिवस रस्ता बदला. नसेल तर छत्री उघडा, उन्हाळ्यात कुणी विचारणारही नाही. कावळा शक्यतो पाठीमागून येतो, म्हणून त्याच्यावर नजर ठेवत शांतपणे पुढे जा. पळू नका, हात उडवू नका. दुचाकीवर टोचीपेक्षा तोल जाण्याचा धोका मोठा आहे, त्यामुळे हेल्मेट घाला आणि त्या झाडाजवळ वेग कमी ठेवा.

दगड मारणं तर सगळ्यात वाईट उपाय. अमेरिकेत सिएटलमध्ये जॉन मार्झलफ या शास्त्रज्ञाने 2006 मध्ये मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे आरडाओरडा करत. पकडणं कधी न पाहिलेले कावळेही त्यात सामील होत. ती जात वेगळी आहे, पण आपल्या कावळ्याशी वैर घेऊन पाहण्यात काही फायदा नाही.

घारीचं प्रकरण जरा गंभीर असतं, कारण ती नख्यांनी ओरबाडते. दिल्लीतल्या घारींवरच्या अभ्यासात दिसलं की जिथे उघडा कचरा आणि माणसांनी टाकलेलं मांस मुबलक मिळतं, तिथल्या घारी घरट्याजवळ माणसांवर जास्त हल्ले करतात. गच्चीवर घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत तिथे जाणं टाळा, टाकी बघायला जावंच लागलं तर हेल्मेट घालून जा.

जखम झाली तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. पक्ष्यांपासून रेबीज होत नाही. डोळ्याला लागलं असेल तर मात्र लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

घरटं पाडून टाकू, असंही कुणीतरी सुचवतंच. पावसाळ्यापूर्वीची फांद्यांची छाटणी नेमकी याच दिवसांत येते, त्यामुळे छाटणीआधी फांदीवर घरटं आहे का ते बघायला सांगा. असेल तर तेवढी फांदी महिनाभर राहू द्या. जखमी पिल्लू सापडलं तर वनविभागाची हेल्पलाइन आहे: 1926. धडधाकट असेल तर उचलून घरी नेऊ नका, आईबाप त्याला जमिनीवरही भरवतात.