कुंभकापासून कृत्रिम उंचीपर्यंत : श्वासरोध आणि धावपटूचा दमदारपणा – बीड जिल्ह्याच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

क्रीडा प्रशिक्षणाच्या क्षेत्रात अलीकडच्या काळात एक कल्पना झपाट्याने रूढ होत आहे. समुद्रसपाटीवर किंवा पठारावर राहणाऱ्या धावपटूने ठराविक पद्धतीने श्वास रोखण्याचा सराव केला, तर त्याच्या शरीराला उंच पर्वतावर राहिल्याचा लाभ मिळतो आणि त्याचा दमदारपणा वाढतो, अशी ही कल्पना आहे. बीड जिल्ह्यातील कोणत्याही महाविद्यालयाच्या प्राध्यापकाला पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने धावणारे विद्यार्थी परिचित आहेत. पोलीस भरतीतील मुलांची १६०० मीटर व मुलींची ८०० मीटर धाव ही त्यांच्यापैकी अनेकांच्या दृष्टीने कुटुंबाच्या पोटापाण्याची परीक्षा असते. अशा विद्यार्थ्यांपैकी काही जण आता तोंडाला मुखवटा बांधून, तर काही जण श्वास कोंडून धावू लागले आहेत. त्यामुळे हा विषय केवळ शरीरशास्त्राचा राहत नाही. ही कल्पना कोठून आली, तिच्यात कोणकोणते प्रवाह मिसळले आणि तिच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकानेही विचारले पाहिजेत.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती :

१. भारतीय परंपरेतील कुंभक आणि आधुनिक क्रीडाक्षेत्रातील श्वासरोध यांच्या हेतूंतील फरक स्पष्ट करणे.
२. उंचीवरील प्रशिक्षणाच्या कल्पनेचा ऐतिहासिक मागोवा घेणे.
३. बीड जिल्ह्याचे धावपटू अविनाश साबळे यांच्या कारकिर्दीच्या आधारे या कल्पनेची तपासणी करणे.

प्रस्तुत निबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

कुंभकाची परंपरा आणि आष्टी तालुका :

श्वासनियमनाचा विचार बीड जिल्ह्याला नवा नाही. आष्टी तालुक्यातील सावरगाव (मायंबा) येथे नाथ संप्रदायाचे आद्य आचार्य मच्छिंद्रनाथ यांचे समाधिस्थान मानले जाते. मच्छिंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ आणि ज्ञानेश्वर ही गुरुपरंपरा महाराष्ट्राला सुपरिचित आहे. शके १२१२ मध्ये म्हणजे इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी योगाचे जे विस्तृत वर्णन येते, त्याच्या मुळाशी हीच नाथपरंपरा आहे.

हठयोगाचे शास्त्रीय निरूपण स्वात्मारामाच्या हठप्रदीपिकेत आढळते. या ग्रंथाच्या दुसऱ्या उपदेशात सूर्यभेदन, उज्जायी, सीत्कारी, शीतली, भस्त्रिका, भ्रामरी, मूर्च्छा आणि प्लाविनी असे आठ कुंभक सांगितले आहेत. येथे दोन बाबी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली म्हणजे, कुंभकाचा हेतू चित्ताची चंचलता शमविणे हा आहे, स्नायूंची कार्यक्षमता वाढविणे हा नव्हे. दुसरी म्हणजे, हिंस्र पशूला जसे हळूहळू वश करावे तसेच प्राणालाही करावे, अन्यथा तो साधकाचाच घात करतो, असा स्पष्ट इशारा ग्रंथकाराने दिला आहे. आजच्या उतावळ्या श्वासरोधाला आधार म्हणून ज्या परंपरेचा दाखला दिला जातो, त्या परंपरेनेच उतावळेपणा वर्ज्य मानला होता, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

लोणावळ्याची प्रयोगशाळा :

श्वासरोधाला प्रयोगशाळेत आणण्याचे श्रेय महाराष्ट्रातील एका संस्थेकडे जाते. स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधामाची स्थापना केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. बडोद्याच्या राजरत्न माणिकराव यांच्या व्यायामपरंपरेत घडलेल्या कुवलयानंदांना योग आणि शारीरिक शिक्षण ही दोन्ही क्षेत्रे जवळची होती. प्राणायामाने शरीराला नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक ऑक्सिजन मिळतो, ही त्या काळची लोकप्रिय समजूत त्यांनी स्वीकारली नाही. प्राणायामाचे मोल ऑक्सिजनच्या मात्रेत नसून मज्जासंस्थेवरील संस्कारात आहे, अशी भूमिका त्यांनी मांडली. योगाविषयी अपार निष्ठा असलेल्या व्यक्तीने प्रयोगापुढे लोकसमज दुय्यम मानावी, हे आजही अनुकरणीय आहे.

पुढे १९६८ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' या नियतकालिकात ५२० मीटर आणि ३,८०० मीटर अशा दोन उंचींवर यौगिक श्वसनातील ऑक्सिजनच्या वापराचे मापन प्रसिद्ध झाले. श्वासाचे नियमन आणि उंची हे दोन विषय भारतीय संशोधनात एकत्र आले, ते योगायोगाने त्याच वर्षी, ज्या वर्षी साऱ्या क्रीडाजगताचे लक्ष उंचीकडे वेधले गेले.

मेक्सिको १९६८ आणि उंचीचा शोध :

१९६८ चे ऑलिम्पिक समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवरील मेक्सिको शहरात झाले. या उंचीवर हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २१ टक्केच राहते. मात्र हवेचा दाब जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी होतो आणि त्यामुळे रक्तात मिसळणारा ऑक्सिजन घटतो. लांब पल्ल्याच्या शर्यतींवर याचा परिणाम ठळकपणे दिसला. १५०० मीटरमध्ये केनियाचे किप केइनो, १०,००० मीटरमध्ये केनियाचे नफ्ताली तेमू, ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये केनियाचे अमोस बिवोट आणि मॅरेथॉनमध्ये इथिओपियाचे मामो वोल्डे विजयी झाले. हे सर्व उंच पठारी प्रदेशांतील देशांचे धावपटू होते. दुसरीकडे, अनेक विश्वविक्रमांचे मानकरी असलेले ऑस्ट्रेलियाचे रॉन क्लार्क १०,००० मीटरच्या अखेरीस कोसळले. तेव्हापासून २०१६ पर्यंत केनियाने भाग घेतलेल्या प्रत्येक ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या स्टीपलचेसचे सुवर्णपदक केनियाकडेच राहिले.

यातून उंचीवरील प्रशिक्षणाचे शास्त्र उभे राहिले. विरळ हवेत मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाचा स्राव वाढतो, त्यामुळे अस्थिमज्जेत तांबड्या पेशींची निर्मिती वाढते आणि रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता सुधारते. १९९७ मध्ये लेव्हिन आणि स्ट्रे-गंडरसन या अमेरिकी संशोधकांनी २,५०० मीटरवर राहून १,२५० मीटरवर सराव करणाऱ्या धावपटूंना सर्वाधिक लाभ होतो, असे दाखविले. वास्तव्य उंचीवर आणि सराव खाली, हे सूत्र त्यातून रूढ झाले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने येथे एक भौगोलिक अडचण आहे. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. उंचीवरील प्रशिक्षणासाठी साधारणतः २,००० ते २,५०० मीटरची उंची उपयुक्त मानली जाते. म्हणजे संपूर्ण राज्यात अशी एकही जागा नाही. बालाघाटच्या पठारावरील धावपटूला उंची हवी असेल, तर त्याला राज्याबाहेर जावे लागते, आणि त्यासाठी पैसा किंवा पाठबळ देणारी संस्था लागते. श्वासरोधाचे आकर्षण नेमके याच अभावातून निर्माण होते, कारण तो विनामूल्य आहे.

श्वासरोध उंचीची जागा घेतो काय ?

श्वास कोंडण्याचा उपयोग खेळाडूंनी पूर्वीही केला होता. चेकोस्लोव्हाकियाचे महान धावपटू एमिल झाटोपेक चालताना झाडे मोजत श्वास रोखून धरीत, अशी आख्यायिका सांगितली जाते. १९७० च्या दशकात अमेरिकेचे जलतरण प्रशिक्षक जेम्स काउन्सिलमन यांनी कमी वेळा श्वास घेऊन पोहण्याचा सराव लोकप्रिय केला. त्यामुळे उंचीसारखी स्थिती निर्माण होते, असा त्यामागील समज होता. पुढील मापनांत मात्र रक्तातील ऑक्सिजन फारसा घटत नसून कार्बन डायऑक्साइड वाढतो, असे आढळले. त्यानंतर फ्रान्सचे संशोधक झेवियर वूरोन्स यांनी श्वास पूर्ण भरून नव्हे, तर बाहेर सोडून रोखण्याची पद्धत अभ्यासली. या पद्धतीत ऑक्सिजनची संपृक्तता खरोखरच घटते. वारंवार वेगाने धावण्याची किंवा पोहण्याची क्षमता तिच्यामुळे काही प्रमाणात सुधारल्याचे अभ्यास उपलब्ध आहेत. श्वासरोध निव्वळ थोतांड आहे, असे म्हणणे म्हणूनच योग्य ठरणार नाही.

तथापि उंची आणि श्वासरोध यांत दोन मूलभूत फरक आहेत. पहिला फरक रासायनिक स्वरूपाचा आहे. उंचीवर माणूस अधिक वेगाने श्वास घेतो आणि त्याच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास रोखल्यावर याच्या नेमके उलट घडते, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि रक्ताची आम्लता वाढते. दुसरा फरक कालावधीचा आहे. उंचीवर तांबड्या पेशी वाढण्यासाठी दिवसाचे बारा तास किंवा अधिक, असे तीन-चार आठवडे वास्तव्य लागते. अर्ध्या मिनिटाचे वीस श्वासरोध केले, तरी त्यांची बेरीज अवघी दहा मिनिटे होते. श्वास रोखल्यावर प्लीहा आकुंचन पावून रक्तात काही तांबड्या पेशी सोडते हे खरे, परंतु काही मिनिटांतच त्या परत साठविल्या जातात. बाजारातील मुखवटे तर हवेचा दाब कमी करीतच नाहीत, ते केवळ श्वास घेणे कष्टाचे करतात. म्हणून श्वासरोधाने धाप सोसण्याची सवय वाढेल, शर्यतीच्या अखेरीस मन खचणार नाही, एवढी अपेक्षा ठेवता येते. पर्वताचे काम तो करीत नाही.

अविनाश साबळे : कालक्रमाची साक्ष

या चर्चेत बीड जिल्ह्याचे उदाहरण विशेष बोलके आहे. मच्छिंद्रनाथांचे समाधिस्थान ज्या आष्टी तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील मांडवा या गावी १३ सप्टेंबर १९९४ रोजी अविनाश साबळे यांचा जन्म झाला. शेतकरी कुटुंबातील या मुलाला वाहनाअभावी सुमारे सहा किलोमीटर अंतरावरील शाळेत पायी किंवा धावत जावे लागे. बारावीनंतर ते सैन्याच्या ५ महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले. २०१३-१४ मध्ये सियाचीन, त्यानंतर राजस्थान आणि २०१५ मध्ये सिक्कीम येथे त्यांची नेमणूक झाली. २०१५ मध्ये ते क्रॉसकंट्री शर्यतींकडे वळले आणि पुढे प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या मार्गदर्शनाखाली स्टीपलचेसकडे आले.

२०१८ मध्ये भुवनेश्वर येथे ८ मिनिटे २९.८० सेकंदांची वेळ नोंदवून त्यांनी गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. ६ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळविले. सुवर्ण केवळ ०.०५ सेकंदाने हुकले, परंतु १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदके नेणाऱ्या केनियाची मक्तेदारी संपली. २०२३ मध्ये हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्ण आणि ५,००० मीटरमध्ये रौप्य पटकाविले. २०२४ मध्ये पॅरिस डायमंड लीगमध्ये त्यांनी आपली वेळ ८ मिनिटे ०९.९१ सेकंदांपर्यंत खाली आणली.

सियाचीनच्या विरळ हवेने साबळे घडले, असे अनेकदा सांगितले जाते. ही कथा आकर्षक असली, तरी कालक्रम तिला पुष्टी देत नाही. उंचीवरून खाली आल्यावर वाढलेल्या तांबड्या पेशी काही आठवड्यांतच पूर्ववत होतात. सियाचीननंतर त्यांची नेमणूक राजस्थानच्या सपाट प्रदेशात झाली होती आणि पहिला राष्ट्रीय विक्रम त्यानंतर सुमारे चार वर्षांनी आला. सियाचीनने सोशीकता दिली असेल, परंतु विक्रमामागील रक्त तेथे तयार झालेले नाही. त्यांच्या पुढील प्रगतीत उंचीचा वाटा आहे, तो नियोजित सरावाच्या रूपाने. त्यांनी उटी येथे आणि २०२२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे सराव केला. त्यामागे सैन्याची नोकरी, नियमित सकस आहार, प्रशिक्षक, शिबिरे आणि परदेश दौऱ्याची सोय असा संस्थात्मक आधार उभा होता. मांडवा ते बर्मिंगहॅम हे अंतर एका माणसाच्या जिद्दीने कापले गेले हे निर्विवाद आहे, पण केवळ जिद्दीने कापले गेले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

जिल्ह्यापुढील प्रश्न :

उंचीवरील प्रशिक्षणाच्या संशोधनातील एक निष्कर्ष बीड जिल्ह्याच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. ज्या धावपटूंच्या शरीरात लोहाचा साठा अपुरा होता, त्यांच्या तांबड्या पेशी उंचीवर राहूनही वाढल्या नाहीत, असे स्ट्रे-गंडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. लोहाशिवाय हिमोग्लोबिन तयार होत नाही, मग हवा कितीही विरळ असो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आहेत. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा आहे. दिवाळीच्या आसपास फडावर जाणारी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतणारी कुटुंबे, आई-वडिलांमागे गावी राहून धावण्याचा सराव करणारी मुले-मुली, यांच्या ताटात लोह किती असते, हा प्रश्न श्वासरोधाच्या आधीचा आहे. रक्तच अपुरे असलेल्या मुलीला श्वास कोंडून धावायला सांगणे म्हणजे रिकाम्या आडात पोहरा सोडण्यासारखे आहे.

यासोबत धोक्याचा उल्लेख आवश्यक आहे. जोरजोराने श्वास घेऊन मग विहिरीत किंवा तलावात दम धरण्याची पैज मुलांमध्ये लागते. जलद श्वसनामुळे कार्बन डायऑक्साइड आधीच घटलेला असतो, त्यामुळे श्वास घेण्याची निकड जाणवण्यापूर्वीच ऑक्सिजन संपून मूल पाण्यातच बेशुद्ध होऊ शकते. त्यामुळे पाण्यातील श्वासरोधाचा एकट्याने सराव पूर्णतः टाळला पाहिजे.

निष्कर्ष :

१. कुंभक आणि क्रीडाक्षेत्रातील श्वासरोध यांचे बाह्यरूप सारखे असले तरी हेतू भिन्न आहेत. एकाचा अधिकार दुसऱ्याला लावता येत नाही.
२. श्वासरोध हा उंचीवरील वास्तव्याचा पर्याय नाही. तो मर्यादित लाभाचा पूरक सराव आहे आणि तो जमिनीवर, जाणकाराच्या देखरेखीखाली व टप्प्याटप्प्यानेच व्हावा.
३. अविनाश साबळे यांच्या यशाचे स्पष्टीकरण सियाचीनच्या आख्यायिकेपेक्षा सातत्यपूर्ण प्रशिक्षण आणि संस्थात्मक पाठबळ यांतून अधिक समाधानकारक रीतीने मिळते.
४. भरतीची किंवा स्पर्धेची तयारी करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याची, विशेषतः विद्यार्थिनींची, हिमोग्लोबिन तपासणी वर्षारंभी महाविद्यालयाने करून घ्यावी. शारीरिक शिक्षण विभाग, राष्ट्रीय सेवा योजना आणि नजीकचे प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्या सहकार्याने हे सहज साध्य आहे.

आपल्या जिल्ह्यात उंच पर्वत नाही, आणि तो आणताही येणार नाही. रक्ताची तपासणी आणि पोटभर सकस अन्न या गोष्टी मात्र आणता येतात. पहाटे धावणाऱ्या मुलांना श्वास रोखण्याचे धडे देण्यापूर्वी त्यांच्या शिक्षकांनी एवढे करणे अगत्याचे आहे.