लोकनेतृत्वाचे विद्यापीठीय सन्मान : वऱ्हाडातील दलित स्त्रिया आणि तृतीयपंथी

पदवी, संशोधन वा अध्यापन यांच्या बाहेर, वस्तीत आणि गावात उभ्या राहिलेल्या कामासाठी डावललेल्या समाजातील स्त्रियांना व तृतीयपंथी व्यक्तींना विद्यापीठाने त्यांच्या हयातीत दिलेला सन्मान, एवढ्याच अर्थाने हा विषय येथे घेतला आहे. त्याचा ठळक नमुना कॅनडात सापडतो. हॅलिफॅक्स येथे केशरचनेचा व्यवसाय करणाऱ्या व्हायोला डेस्मंड (१९१४–१९६५) या कृष्णवर्णीय बाई ८ नोव्हेंबर १९४६ रोजी न्यू ग्लासगो गावच्या रोझलँड चित्रपटगृहात गोऱ्यांसाठी अघोषितपणे राखलेल्या जागेवर बसल्या आणि तिथून उठेनात. वर्णभेद कागदावर दाखवणे सोयीचे नव्हते, म्हणून तिकिटांच्या दरांतील फरकामुळे एका सेंटचा करमणूक कर बुडवल्याचा ठपका ठेवून त्यांना २० डॉलर दंड आणि वर खटल्याचा खर्च ठोठावला गेला. नोव्हा स्कोशिया प्रांताने त्यांना माफी दिली ती २०१० मध्ये, मृत्यूनंतर ४५ वर्षांनी. २०१८ पासून त्यांचे चित्र दहा डॉलरच्या नोटेवर आहे. टोरोंटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठ (पूर्वीचे रायर्सन) त्यांच्या नावाने कृष्णवर्णीय स्त्रिया व लिंगभावाने वेगळ्या असलेल्या व्यक्तींचा गौरव करते. मृत व्यक्तीचे नाव पुरस्काराला असले तरी पुरस्कार जिवंत माणसांच्या हाती जातो. वऱ्हाडातल्या अनुभवाकडे पाहताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

वऱ्हाडाचा अनुभव अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांच्यापासून सांगता येतो. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा. परिषदेला वीस-पंचवीस हजार स्त्रिया जमल्याचे सांगितले जाते; डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही तिथे भाषण केले. परिषदेने घटस्फोटाचा कायदेशीर हक्क मागितला, बहुपत्नीत्वाविरुद्ध कायदा मागितला, कायदेमंडळांत दलित स्त्रियांसाठी जागा मागितल्या, गिरण्यांतल्या कामगार बायांसाठी रजा आणि स्त्री-पर्यवेक्षक मागितल्या, मुलींसाठी वसतिगृहे मागितली. डोंगरे यांनी अध्यक्षीय भाषणात संततिनियमनाचा विषय उघडपणे मांडला. हिंदू कोड बिलावर देश भांडू लागला त्याच्या काही वर्षे आधीची ही गोष्ट. एवढे काम केलेल्या बाईंचे नाव आज टिकून आहे ते मात्र कोणत्या विद्यापीठामुळे नव्हे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी चळवळीतल्या वयोवृद्ध बायांना गाठले, मुलाखती घेतल्या, जुनी नियतकालिके चाळली आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले. वंदना सोनाळकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २००८ मध्ये आला. ज्या बाया तोवर हयात नव्हत्या त्यांचे बोलणे कायमचे गेले. या नोंदीचा मुख्य मुद्दा हाच आहे. लोकनेतृत्वाचा विद्यापीठीय सन्मान हा सत्कारापेक्षा दस्तऐवजाचा प्रश्न आहे, आणि हा प्रश्न माणूस बोलता असतानाच सोडवता येतो.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी आजवर आदर व्यक्त केला तो बहुधा नावांच्या वाटेने. पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुल्यांचे झाले, पुढे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ बहिणाबाई चौधरींचे, सोलापूर विद्यापीठ अहिल्यादेवी होळकरांचे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी, आणि मधल्या काळात दलित वस्त्यांनी जाळपोळ सोसली. नावाची किंमत एवढी जबर असते म्हणून नाव क्षुल्लक म्हणता येत नाही. अमरावती विद्यापीठ (स्थापना १९८३) २००५ पासून संत गाडगेबाबांच्या नावाने चालते. शेंडगावात परीट कुटुंबात जन्मलेले, शाळा न शिकलेले, खराटा हाती घेऊन गावे झाडणारे बाबा. त्यांचे नाव कमानीवर लावून विद्यापीठाने, कळत-नकळत, एक तत्त्व मान्य केले आहे : पदवी नसलेला लोकनेता विद्यापीठाच्या आदराला पात्र असतो. तेच तत्त्व हयात असलेल्या बाईला लावायचे म्हटले की पात्रता, नियम, निकष आठवू लागतात.

पदवी असली तरी गाडे अडतेच, हेही दिसून आले आहे. संस्कृतच्या विदुषी कुमुद पावडे यांनी ‘अंतःस्फोट’ (१९८१) या आत्मकथनात आपल्या संस्कृतची कथा सांगितली आहे. एम.ए. झालेल्या कुमुद सोमकुवर यांना नोकरीसाठी दारे बंद होती. आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलले आणि शासकीय महाविद्यालयातली नोकरी मिळाली. ज्ञान तेच, बाई तीच. निकष निर्जात असतात असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण नजरेआड करू नये.

स्वतंत्र सन्मानावरचा पहिला आक्षेप यातूनच तपासता येतो. स्त्रियांसाठी पुरस्कार असताना दलित स्त्रियांसाठी वेगळा कशाला, यातून जातीचे खण आणखी पक्के होणार नाहीत का, असे विचारले जाते, आणि प्रश्न गैर नाही. पण वेगळेपणा आधी कोणी निर्माण केला, याचे उत्तर इतिहासात आहे. डिसेंबर १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले, तेव्हा दलित कार्यकर्त्या जाईबाई चौधरी आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांना जेवणाच्या पंगतीत वेगळे बसवण्यात आले. त्यानंतर लगेच दलित स्त्रियांनी निषेधाची सभा घेतली, आणि १९४२ ची परिषद याच स्वतंत्र संघटनाच्या वाटेवरची. ‘सर्व स्त्रियांची’ म्हणवणारी जागा सर्वांची नसते तेव्हा दुसरी जागा मांडावी लागते. पहिली खरोखर सर्वांची झाली की दुसरीची गरज आपोआप कमी होईल; उलट क्रमाने ते घडत नाही.

दुसरा आक्षेप गुणवत्तेचा. त्याचे उत्तर अर्जाच्या नमुन्यात पाहावे. तेल्हारा तालुका अकोला जिल्ह्याच्या उत्तरेला, एका अंगाला सातपुडा आणि दुसरीकडे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही अशी गावे इथे आहेत. अशा गावातली एखादी बौद्ध किंवा कोरकू आदिवासी बाई काय काम करते? कापूस वेचणीचा किलोमागचा भाव मजूर बायांच्या वतीने ठरवून घेते, ई-क्लास (सरकारी गायरान) जमिनीवरचे अतिक्रमण नियमित व्हावे म्हणून तहसीलच्या पायऱ्या झिजवते, नळाला पाणी येईना की ग्रामसभेत हंडे घेऊन बसते, नवऱ्याने टाकलेल्या पोरीला रेशनकार्ड काढून देते. पुरस्काराच्या छापील अर्जात मात्र रकाने असतात ते शैक्षणिक अर्हता, प्रकाशने, यापूर्वी मिळालेले पुरस्कार, वृत्तपत्रीय कात्रणे असे. ‘यापूर्वी मिळालेले पुरस्कार’ हा रकाना तर गमतीचा. ज्याला मिळाले त्यालाच मिळत राहावेत अशी ती तजवीज. म्हणजे ही बाई गुणवत्तेत कमी पडत नाही, तिची गुणवत्ता लिहायला अर्जात जागाच नसते. ग्रामसभेचा ठराव, तहसीलदाराकडच्या अर्जाची पोच, सोबतच्या चार बायांची साक्ष हे पुरावे धरले तर निवड ढिली होत नाही, उलट कात्रणांपेक्षा कसून होते.

शासनाचे पुरस्कार असताना विद्यापीठाने यात का पडावे, असाही युक्तिवाद होतो. अकोला जिल्ह्यातल्या रोपरखेड्यात दलित कुटुंबात जन्मलेल्या कल्पना सरोज यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती व्यापार-उद्योग क्षेत्रासाठी. कमानी ट्यूब्ससारखी बुडीत कंपनी त्यांनी सावरली, गौरव योग्यच होता. पण यश ताळेबंदात दिसले म्हणून शासनाला ते दिसले. ज्या कामाचा ताळेबंदच नाही ते शोधायला गावोगाव महाविद्यालये, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे आणि समाजशास्त्राचे विद्यार्थी लागतात. ती यंत्रणा विद्यापीठाकडे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने आजीवन अध्ययन व विस्ताराचे मंडळही दिले आहे. मानद पदवीची वाट लांबची असते, तिला कुलपतींपर्यंत मान्यता लागते. विस्तारकार्याचा पुरस्कार तुलनेने सोपा आहे, त्यासाठी इच्छा पुरते.

तृतीयपंथी नेतृत्वाबाबत गोष्ट जास्त नाजूक आहे. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्ती नोंदल्या गेल्या. ओळख लपवावी लागणाऱ्या समाजाची मोजणी कमीच भरणार, हे उघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला, २०१९ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाचा कायदा आला. तरीही गुरू-चेल्यांच्या घराण्यातली जबाबदारी, आजारी माणसाची शुश्रूषा, घरातून हाकललेल्या पोरांना दिलेला आसरा या गोष्टी समाजकार्य म्हणून कोणी मोजत नाही. दिशा पिंकी शेख यांच्यासारख्या कवयित्री आणि कार्यकर्त्या वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या झाल्या. विद्यापीठांआधी राजकारणाला, तेही अकोला हे प्रमुख केंद्र असलेल्या पक्षाला, तृतीयपंथी नेतृत्वाला मान देणे सुचले. व्यासपीठावर बोलावणे म्हणजे त्या व्यक्तीला गावासमोर उघडे पाडणे, हा इथला खरा आक्षेप, आणि तो मानलाच पाहिजे. म्हणून ओळखपत्राची सक्ती नको, फोटो छापण्याआधी संमती हवी, आणि नाव जाहीर न करता गौरव स्वीकारण्याची मुभा हवी. या अटी पाळल्यावर धोका उरतो तो नेहमीच्या नाटकाचा : शाल, श्रीफळ, पाहुण्यांचे लांबलेले भाषण, आणि सत्कारमूर्तीला बोलायला दोन मिनिटे.

नाटकाचा हा धोका टाळायचा तर सन्मानाबरोबर तीन कामे बांधून द्यावी लागतात. सन्मानित व्यक्तीची दीर्घ मुलाखत, तिच्याच वऱ्हाडीत किंवा कोरकूत, ध्वनिमुद्रित करून विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवणे. विस्तार मंडळाच्या बैठकीला तिला मानधन देऊन वर्षभर बोलावणे. आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना तिच्या हाताखाली काही आठवडे पाठवणे. यासाठी लागणारी रक्कम दीक्षान्त समारंभाच्या मांडवाच्या खर्चापुढे किरकोळ ठरावी. तेल्हाऱ्याहून अमरावती शंभर किलोमीटरच्या पुढे आहे, तेव्हा एस.टी.चे भाडे आणि बुडालेल्या दिवसाची मजुरीही त्यात धरावी.